रक्ताच्या रिपोर्टचं दुसरं पान

“रक्तातच न्हाई म्हणल्यावर सलाईन कावून घ्यायचं?” अप्पा ओसरीवर शेजारच्या मामांना विचारत होते. मी आत चहा गाळत होते. अर्धा चहा कपाबाहेर गेला.

अप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मागच्या वर्षी त्यांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी मी त्यांना पाटोद्याहून बसनं संभाजीनगरला नेते. तिथं सलाईनमधून इम्युनोथेरपीचं औषध देतात. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला ते गाठीशी लढायला लावतं. सगळ्यांना ते लागू पडत नाही, म्हणून मधूनमधून रक्त तपासतात. गाठीतून सुटलेला डीएनए रक्तात उरलाय का, यावरून औषध काम करतंय की नाही याचा अंदाज येतो.

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याच हातात येतो. आठ दिवसांपूर्वी रिपोर्ट फोनवर आला तेव्हा ओसरी माणसांनी भरलेली होती. “वाच की, मॅडम,” अप्पा म्हणाले. चारचौघांत मोठ्यानं वाचायचं म्हटलं की कधी एकदा संपतंय असं मला होतं. मी पहिल्या पानावरची चौकट वाचली. गाठीचा डीएनए आढळला नाही. काकू देवापुढं गेल्या, कुणीतरी पेढे आणायला निघालं. दुसरं पान मी मनातच वाचलं. या तपासणीत काही आढळलं नाही म्हणून आजार संपला असं धरू नये, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उपचार थांबवू नयेत. एवढ्या आनंदात ते कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला तिथून उठायचं होतं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. रिपोर्ट उघडते, बंद करते, गोठ्यापर्यंत जाऊन परत येते. काल दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, रक्ताचा निकाल चांगलाच आहे, पण स्कॅनमध्ये गाठ अजून दिसते, सलाईनची तारीख चुकवू नका. तारीख सोमवारची होती. अप्पा रविवारी मेंढरं घेऊन सिरसाळ्याच्या बाजूला निघणार होते. घोंगडी झटकून ठेवली होती, घोड्याचं खोगीरही दुरुस्त झालं होतं.

बाहेर मामा हसत होते. “खोकला बी कमी झालाय तुझा. आता ते सलाईन मेंढराला लाव बे.”

“त्या लंगडीला लावतो. माझ्यापरीस तिलाच गरज हाय.”

“पण डॉक्टर काय म्हणला?”

“डॉक्टर कशाला? आमच्या मॅडमनं वाचलंय सगळ्यांसमोर. विचार तिला.”

मी चहा घेऊन उंबऱ्यात आले होते. दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मागून काकूही आल्या. मान हलवून ताट खाली ठेवावं आणि आत जावं, एवढंच सुचत होतं. ताट मी जमिनीवर ठेवलं, पण आत गेले नाही.

“अप्पा, मी त्या दिवशी पहिलंच पान वाचलं. सलाईन बंद करू नका असं दुसऱ्या पानावर होतं, ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. मेंढरं दुसऱ्या कुणासोबत पाठवा, सोमवारी तुम्ही माझ्यासोबत चला.”