मातीशी धरलेला अबोला

त्या वर्षी माझं आणि गणपतीचं बोलणं बंद होतं. अबोला मीच धरला होता, तो बिचारा काय बोलणार! तीसेक वर्षं मी नारायणगावजवळच्या एका मूर्तींच्या कारखान्यात डोळे आखायचं काम केलं. पीतांबर कुणीही रंगवतं, मुकुट कुणीही सोनेरी करतं, पण डोळ्यांसाठी मूर्ती शेवटी माझ्यापुढे यायची. "बाप्पा, बघ रे बाबा," एवढं म्हणायचं, श्वास धरायचा आणि रेघ ओढायची. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिवाला काही धोका नाही म्हणाले. जिवाचं कोण विचारत होतं? एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा माझ्या हातून पार कानापर्यंत गेला. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते हळूच म्हणाले, "ताई, आता घरी आराम करा." घरी आले आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहून त्याला सुनावलं, तुझे डोळे आखता आखता माझा हात गेला, आता तुझं तू आणि माझं मी. पूजा रोज करायचे, नाही असं नाही, पण नुसत्या पाट्या टाकायचे.

अशात तळेघरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या शाळेच्या गुरुजींचा फोन आला. ते दरवर्षी आमच्या कारखान्यातून शाळेसाठी मूर्ती न्यायचे, तेवढीच ओळख. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या भागात दरड कोसळली होती. एक अख्खी वस्ती मातीखाली गेली, आणि वाचलेल्या घरांतली मुलं त्यांच्या शाळेत आली होती. नवी घरं झाली, दप्तरं आली, खाऊसुद्धा आला, पण मुलं गप्प गप्प असतात, असं गुरुजी सांगत होते. "तुम्ही शनिवारी येऊन त्यांच्याकडून हातानं काहीतरी करून घ्या. गणपती करायला शिकवा." मी म्हटलं, माझा हात थरथरतो. तर म्हणाले, "इथं कुणाचा थरथरत नाही, ताई?" पहिल्याच शनिवारी पिशवीभर शाडू घेऊन मी निघाले. जुन्नरहून घोडेगाव, घोडेगावहून तळेघर आणि पुढे पायी चढण. सगळ्या वाटेवर पोरांना काय काय शिकवायचं याचे मी मनात मांडे भाजत होते.

आणि काय केलं? वर्गाच्या मधोमध परात ठेवली, शाडू ओतला, त्यात पाणी घातलं आणि चिखल कालवायला लागले. मान वर केली तर मुलं भिंतीला चिकटली होती. एक लहानगी तोंडावर फ्रॉक ओढून रडत होती. दरडीतून वाचलेल्या पोरांपुढे मी ओल्या मातीचा गोळा धरला होता! अक्कल कुठे ठेवून आले होते देव जाणे. गुरुजीही कपाळाला हात लावून बसले, कारण त्यांनाही ते सुचलं नव्हतं. परात उचलून मी पडवीत नेली आणि तिथेच थोडा वेळ रडून घेतलं.

त्या दिवशी पूनम मला पहिल्यांदा नीट दिसली. नऊ वर्षांची, काटकुळी, कपाळावर मोठी टिकली. वडील आधीच गेले होते. दरड आली तेव्हा ती खालच्या वाडीत काकीकडे होती, म्हणून वाचली, पण आई घरासकट मातीखाली गेली आणि कधी सापडलीच नाही. तेव्हापासून ही पोर मातीवर पाय ठेवत नव्हती. काकीच्या नव्या घरात फरशी होती, तिथे चालायची. बाहेर पडायचं तर दगडावरून दगडावर उड्या मारत. काकीने घरापासून शाळेपर्यंत फरशीचे तुकडे टाकून ठेवले होते, त्यावरून ती शाळेत यायची आणि त्यावरूनच परत जायची. तिथे तर चार महिने सगळीकडे चिखल आणि भाताची खाचरं. "किती दिस असं चालायचं, बाई?" काकी मला म्हणाली. "मी लावणीला जाऊ का हिच्यासाठी दगड टाकत फिरू? गणपती झालं की शहरात वसतिगृहात ठिवणार. तिथं समदी फरशीच असती." बाई वाईट नव्हती हो, थकली होती. पण वसतिगृहाचं नाव काढलं की पूनम दाराची चौकट घट्ट धरून बसायची, बोटं सोडवावी लागायची.

पुढच्या शनिवारी जायचं नाही असं मी ठरवलं. जाणार तरी कोणत्या तोंडाने? पण त्या चौकट धरलेल्या बोटांनी मला झोपू दिलं नाही. शेवटी शनिवारी सकाळीच लेण्याद्रीला गेले. गुडघे कुरकुरत होते, तरी सगळ्या पायऱ्या चढले आणि गाभाऱ्यासमोर उभी राहून कित्येक महिन्यांचा अबोला मोडला. पार्वतीने इथेच तप केलं आणि स्वतःच्या हातांनी मूर्ती घडवली, तीच बाळ झाली, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. मी त्याला म्हटलं, "तुझ्या आईने मातीतून लेकरू घडवलं आणि इथे लेकराला आईची माती बघवत नाही. हे काय चाललंय? मला काही सुचत नाही, हातही चालत नाही. हे तू निस्तर." मागे उभ्या बाईने माझ्याकडे घाबरून पाहिलं. मी कधी नव्हे ते सगळं त्याच्यावर सोडून दिलं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी फक्त चिडले होते.

खाली उतरून जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर घरी जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले, तोच माझ्या पाठीत काहीतरी जोरात टोचलं. वळून बघते तर एक दाढीवाले म्हातारे गृहस्थ, खांद्यावर बांबूच्या कामट्यांची मोळी. "डोळे आहेत का कपाळात?" मी खेकसले. "हायेत की, ताई, पन मागं न्हाईत ना," ते म्हणाले आणि असे मनापासून हसले की मलाही राग धरवेना. त्यांना सगळे चाचा म्हणत, ते मोहरमसाठी ताबूत बांधायचे. काम संपलं होतं, उरलेल्या कामट्या आणि रंगीत कागद घरी नेत होते. तरुणपणी गाद्या पिंजायला ते तळेघरच्या सगळ्या वाड्या पायी फिरले होते. बोलता बोलता मी सगळं सांगून बसले. अनोळखी माणसाला एवढं का सांगितलं, मलाही ठाऊक नाही. ते म्हणाले, "मातीचाच गनपती पायजे असं कुठं लिवलंय? कागद हाय की! आमी एवढा थोरला ताबूत कागदाचा करतो, तुमचा देव तर मांडीवर मावतो." तेवढ्यात घोडेगावची गाडी लागली. चाचा मोळी घेऊन थेट तिच्यात चढले आणि खिडकीतून ओरडले, "चला की, ताई! बघताय काय?"

मग जे शनिवार गेले त्यांची आठवण आली की अजून हसू येतं. जुन्या वह्या पाण्यात भिजत घालायच्या, लगदा कुटायचा, त्यात डिंक आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. सगळ्या वर्गाला मेथीच्या लाडवांचा वास! पहिल्या दिवशी अर्धा लगदा मूर्तीला आणि अर्धा एकमेकांच्या डोक्याला लागला. गुरुजी दटावायला आले आणि त्यांच्याच टकलावर एक गोळा बसला. आधी गुरुजीच हसायला लागले आणि इतके दिवस न हसलेली पोरं पोट धरून हसली. कुणाच्या गणपतीची सोंड गळून पडायची, कुणाचा उंदीर गणपतीपेक्षा मोठा. "राव, ह्यो उंदीर न्हाई, म्हैस हाय!" असं चाचा म्हणाले की तो पोरगा म्हशीला शिंगंही लावायचा. पूनमने मात्र गणपती केला नाही. तिने एक बाई केली. मांडी घातलेली, नाकात ही एवढी नथ. कोण म्हणून विचारलं तर पूनम नुसती टिकली सारखी करायची.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी ऊन पडलं म्हणून मूर्ती अंगणातल्या कट्ट्यावर वाळत ठेवल्या. दुपारी डोंगरावरून एकदम सर आली. मुलं धावली, जो तो आपापला देव पोटाशी धरून पडवीत आला. कट्ट्यावर एकटी पूनमची बाई राहिली. पूनम पायरीवर उभी होती, आणि पायरी आणि कट्टा यांच्यामध्ये दहा पावलं चिखल. कागद विरघळायला लागला, नथ गळाली. मी धावत निघाले, तर चाचांनी माझा पदर धरला. "थांबा," ते म्हणाले. आणि पूनम, जिचा आवाज आम्ही मोठ्याने कधी ऐकला नव्हता, ती ओरडली, "आई मातीत हाय! आईवर पाय कसा ठिवू?"

आम्ही सगळे तिला मातीची भीती वाटते असं समजत होतो. मी, गुरुजी, काकी, सगळे शहाणे. ती आईला पाय लागू नये म्हणून दोन वर्षं दगडांवरून उड्या मारत होती. मला रडू आवरेना. चाचा मात्र सावकाश जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले, पावसातच. म्हणाले, "माजी आईबी मातीतच हाय, बेटा. आमच्यात समद्यांच्या आया मातीतच असत्यात. मी ह्या हातांनी तिला माती दिली. वर सब्जा लावलाय, लई झ्याक वास येतो. गेलो की पयला हात ठिवतो, सलाम करतो, मग तिथंच बसतो. आईला लेकराचं वझं व्हतं व्हय?" पूनमने त्यांच्याकडे बघितलं. मग ती खाली वाकली आणि ओल्या मातीवर तळहात टेकवला. कितीतरी वेळ. "आई, मी हाय," म्हणाली. हात कपाळाला लावला, आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. कट्ट्यापर्यंत गेली तेव्हा तिथे नुसता लगदा उरला होता. आता ही कोसळणार, असं मला वाटलं. तर ती चिखलाने भरलेले हात घेऊन परत आली आणि माझ्यावरच डाफरली, "कागदाची टिकत न्हाई, बाई. तुमचा तो शाडू कुठं हाय?"

गौरींच्या दिवशी काकीने मला बोलावलं. तेरड्याच्या गौरीशेजारी पूनमची मातीची आई मांडली होती, नटूनथटून, पण डोळ्यांविना. "डोळं तुमी आखायचं," पूनम म्हणाली. मी म्हटलं, बाळा, माझा हात थरथरतो, बिघडेल. तिने काही ऐकून घेतलं नाही. दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. मी सवयीने म्हटलं, "बाप्पा, बघ रे बाबा," आणि रेघ ओढली. उजवा डोळा बरा आला. डाव्याला हात हललाच, आणि तो चांगलाच बारीक झाला. मी जीभ चावली. पूनम मूर्तीकडे एकटक बघत राहिली आणि खुदकन हसली. "काकी, बघ की! मी खोटं बोलले की आई अशीच एक डोळा बारीक करून बघायची!" काकीने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, व्हय, अशीच बघायची.

गौरी जायच्या दिवशी पूनमने आपली आई स्वतः खाचराच्या बांधावर नेली, अनवाणी, आणि ओल्या मातीत ठेवून वर हाताने माती सारली. वसतिगृहाचा विषय काकीने पुन्हा काढला नाही. वाटेवरचे फरशीचे तुकडे उचलून तिने न्हाणीपुढे लावले. असे अनुभव सांगताना लोक म्हणतात, तो अनोळखी माणूस नंतर कुठे दिसलाच नाही. माझे चाचा काही अदृश्य झाले नाहीत. आठवड्याला फोन करतात, गुडघ्यांची रडगाणी गातात आणि माझ्या हातची पुरणपोळी मागतात. त्यांना त्या दिवशी स्टँडवर कोणी आणलं, यावर मी वाद घालत नाही. मी त्याला म्हटलं होतं, तू निस्तर, आणि त्याने निस्तरलं, एवढं मला पुरतं. माझा हात काही बरा झाला नाही. पण तो माझा एकटीचा आहे असं मी समजत होते, तेवढं मात्र गेलं, आणि त्याबद्दल रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर मी त्याचे आभार मानते. अबोला सुटला, आता तर जरा जास्तच बोलते.

परवा गुरुजींच्या फोनवरून पूनमच बोलली. यंदा समद्या शाळेचे गणपती मातीचे, डोळे आखायला कधी येता? आणि मग थोडं थांबून, "हात थरथरतो का अजून?"

मी म्हटलं, थरथरतो गं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मी धरीन."