तेवढ्यापुरता आलेला गडी

परभणीकडच्या पालममध्ये फुटबॉलचा विषय निघाला की लोक माझ्याकडं बघून हसतात. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोरगं धड चालायच्या आत चेंडूला लाथ मारतं. मी नववीत शाळा सोडली ती फुटबॉलपायी, असं सांगत आलोय. खरं म्हणजे वडील गेल्यावर मला शाळेत जा म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. थोरल्या भावाचं लग्न झालं, दोन खोल्यांत मी मावेना, आणि एक दिवस तो म्हणाला, तुझं तू बघ आता.

एका मिस्त्रीबरोबर मी इकडं डाळमिलचं यंत्र बसवायला आलो. काम संपलं, मिस्त्री गेला, मी स्टँडवर पिशवी घेऊन बसलो होतो. समोर मोटारी भरायचं दुकान होतं. म्हणजे शेतातल्या पंपाची मोटार जळाली की तिची जुनी तार उपटून नवी गुंडाळायची. मालक एका पायानं अधू, पन्नाशी उलटलेला माणूस. त्यानं हाक मारली, "कोण गावचे पाव्हणे?" काम येतं का विचारलं. येतं म्हणालो. मग विचारलं, घरी कोण आहे. बेवारस वाटू नये म्हणून मी सांगितलं, भाऊ आहे, त्यानंच दोन महिन्यांसाठी पाठवलंय.

त्या दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली. मालकांना मी मामा म्हणायला लागलो.

मामा मेंढपाळाच्या घरातले. तरुणपणी देवगाव फाट्यावर रस्ता ओलांडताना ट्रक कळपात घुसला आणि त्यांचा पाय गेला. कळप धाकट्या भावाकडं गेला, मामा हे बसून करायचं काम शिकले. बायको आधीच वारलेली, लेक सोनपेठला दिलेली. दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. भाकरी ते थापायचे, कालवण मी करायचो. त्यांच्या भाकरीसारखी भाकरी मी अजून कुठं खाल्ली नाही.

दुपारी जेवताना मी मोबाईल बघायचो. एक दिवस ते म्हणाले, "रोज काय बघायलास रे? कुनी पोरगी हाय का?"

"पोरगी न्हाई मामा, गडी हाय. स्पेनचा."

तो स्ट्रायकर काही फार नावाजलेला नव्हता. पेठेतल्या टीव्हीवर मी त्याला पहिल्यांदा बघितला, तेव्हापासून धरला. उंच, काटकुळा, डावखुरा, गोल मारला की नाचायचा नाही, नुसता माघारी पळायचा. समुद्राकाठच्या एका लहान गावचा. त्याच्या पहिल्या क्लबनं त्याला एका सालासाठी दुसऱ्या क्लबला खेळायला दिलं होतं. हे मामांना कसं सांगायचं? म्हटलं, साल संपलं की परत आपल्या क्लबकडं.

मामांचा घास हातातच राहिला. "म्हंजी मेंढरं बसवल्यावानी!"

त्यांच्यात ही रीत आहे. पीक निघालेल्या रानात शेतकरी चार-आठ दिवस कळप बसवून घेतो, रानाला लेंड्यांचं खत मिळतं. त्याबद्दल तो कळपवाल्याला ज्वारी देतो. मग कळप पुढच्या रानात. पाऊस लागला की आपल्या गावी.

"अगदी तसंच," मी म्हणालो. तिथंच चुकलो.

पुढं त्या पहिल्या क्लबनं त्याला खरोखर विकला. मी मामांना तसं सांगितलं तर ते हसले. "मानूस कुठं इकत्यात व्हय? येडं समजायलास का मला? बसवला आसंल लांब." मी वाद घातला नाही. तो ग्रीसला गेला, मग सायप्रसला, मग पोलंडला बर्फात. क्लब मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरेनात. दर बारीला मामा विचारायचे, "आता तरी घरी जायलाय का?" मी म्हणायचो, पुढच्या साली. एका हंगामात तो आपल्या देशातल्या एका क्लबकडं आला. गावातल्या लोकांना मामा सांगत सुटले, "आमचा गडी आलाय हिंदुस्थानात." मला म्हणाले, "जेवायला बोलीव की. मटनाच्या आखणीचं कालवण करू." मला इतकं हसू आलं की हातातली कॉइल सुटली, सगळी तार विस्कटली. तो इथं बाकावर जास्त बसला, मैदानात कमी उतरला. पाय संपत आले होते त्याचे. मग हाँगकाँग, मग आणखी लांब, ज्याचं नाव मलाही नीट घेता येत नाही असं गाव.

दरवर्षी सुगी झाली की मामा ज्वारीचं एक पोतं शिवून एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरला माझ्या भावाच्या नावानं पाठवायचे. मी सुरुवातीला कशाला म्हणालो, तर म्हणाले, "तुला काय करायचं? ते माझं मी बघतो." भाऊ पोतं न्यायचा, फोन करायचा नाही. मला वाटायचं, मामांची माया. त्या मायेनं मी दबून जायचो. मनात एक भीतीही होती. नऊ वर्षांत मामा एकदाही म्हणाले नव्हते की आता इथंच राहा. उन्हाळ्यात काम कमी झालं की वाटायचं, आज सांगतील, जा म्हणून. कुणी नुसतं "मामा, जरा बोलायचंय" म्हणत आत आलं तरी माझा हात थांबायचा.

गेल्या वर्षी साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा धरला. आधी बारीक तार दिसेना, मग माणसं आवाजावरून ओळखायला लागले. लेकीनं सोनपेठला या म्हणून धोशा लावला. मामा म्हणाले, दुकान बंद करून जातो. माझं काय, हे मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. आठ दिवस आम्ही मीठ-भाकरी मागण्यापुरतंच बोललो.

त्याच दिवसांत स्पेनच्या त्या गड्यानं खेळ सोडल्याची बातमी आली. त्याच्या गावच्या छोट्या पेपरात होती, मोबाईलनं मोडकंतोडकं मराठी करून दिलं. मी जेवताना सांगितलं.

"मंग आता घरी गेला आसंल."

"न्हाई मामा." मला पुढं खोटं बोलवेना. "त्याचा तो पहिला क्लब चार सालामागंच बंद पडला. मैदानावर गाड्या लावतात आता. तो शेवटी जिथं खेळला तिथंच राहिलाय."

"चार साल झाले? आन मला कामून न्हाई सांगितलास?"

मामांनी ताट बाजूला सरकवलं. भिंतीकडं तोंड फिरवलं.

"म्या बी येक सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या भावाला फोन केलतो. म्हनलं, तुमचा मानूस लय दिस वापरला, आता दुकान मोडायलो, वापस पाठवितो, संबाळा. त्यो म्हनला, कोन मानूस? आमचं काई न्हाई त्याच्याशी."

तेव्हा मला पोत्यांचा उलगडा झाला. त्यांच्या हिशेबी मी भावाच्या घरून तेवढ्यापुरता बसवलेला होतो. दुसऱ्याच्या माणसाला राहा म्हणायचा आपल्याला हक्क नाही, म्हणून ते नऊ वर्षं म्हणाले नाहीत.

"आमी हयातभर लोकायची ज्वारी घेतली," मामा म्हणाले. "देनारा आमच्यात म्या पयलाच." मग हळूच, "आता तुला कुनाला वापस करू रं?"

मला सांगायला पाहिजे होतं, मामा, मला कुणी पाठवलंच नव्हतं. मी ताटं उचलून धुवायला नेली.

त्यानंतर मामांनी सोनपेठचं नावच टाकलं. चार दिवसांनी त्यांच्या लेकीचा फोन मला आला. "दादा, डोळ्यात इंजेक्शन द्यायचंय, डॉक्टर थांबू नका म्हणायलेत. बाबा तारीख पुढं ढकलायलेत. त्या पोराला उघड्यावर टाकून येत न्हाई म्हणत्यात. तुमीच सांगा काईतरी."

मी सांगितलं. दुपारी बाहेर जाऊन आलो आणि म्हणालो, "मामा, भावाचा फोन आला होता. त्या दिवशी रागात बोललो म्हणाला. ये म्हणतोय."

मामा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना काय दिसत होतं, देव जाणे. "खरं?"

"खरं."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

गंगाखेडच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं, तिथून जावई नेणार होता. राहिलेल्या तीन मोटारी भरून, किल्ली घरमालकाला देऊन मी कोल्हापूरला निघेन, असं ठरलं होतं. गाडी वळेपर्यंत ते चुकीच्या बाजूला हात हलवत होते. मी धावत त्या बाजूला गेलो.

किल्ली मी दिली नाही. घरमालकाला विनवून दुकान चालू ठेवलं. आठवड्यानं मामांचा फोन आला तेव्हा गाळ्यात एक शेतकरी जळकी मोटार घेऊन उभा होता, आणि मी धार लावायच्या साणेवर छिन्नी धरली होती. मी आधी यंत्र बंद केलं.

"डोळा कसा हाय मामा?"

"उजेड कळायलाय थोडा. तू पोचलास का घरी?"

"पोचलो."

शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पाठ फिरवली. मागं रस्त्यावर कंडक्टर गंगाखेड, गंगाखेड ओरडत होता, ते फोनात गेलंच असणार.

"तिथं बी मोटारी जळत्यात व्हय?" मामांनी विचारलं.

"जळतात की मामा," मी म्हणालो. "लई जळतात."