धुपाच्या डबीतलं कुंकू

इंग्लंडात, रीडिंगला, पहिल्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं तेव्हा घरात कोयरी नव्हती. चांदीची होती ती पुण्याला, सासूबाईंच्या कपाटात. म्हणून स्टेशनजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी एक काळी, गोल डबी आणली. लाखेची, तळहातावर मावणारी, झाकणावर सोनेरी शेवंती. आत चंदनासारखा पुसट वास होता. मला तो शुभ वाटला. डबीत कुंकू भरलं, हळद स्टीलच्या वाटीत ठेवली.

रविवारी दुपारी बायका जमल्या. एकीने डबी बघून विचारलं, "कोयरी सोडून चायनीज डबी? मग वाण काय, नूडल्स?" सगळ्या हसल्या. माझ्या मैत्रिणीला सातवा महिना होता. पहिलं कुंकू मी तिला लावलं.

हॅरोहून आलेल्या काकू निवृत्त डॉक्टर. त्यांनी चष्मा लावून डबी हातात घेतली.

"अगं, ही जपानी दिसते. धूप ठेवायची. आमच्या हॉस्पिटलमधल्या एका जपानी सिस्टरकडे अशीच होती. तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे."

"म्हणजे मेलेल्या माणसांसाठीची?" मैत्रिणीने विचारलं.

"तसं मी कुठे म्हटलं? मी एका घरात बघितली, एवढंच."

मैत्रिणीचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. लावलेलं कुंकू पुसणंही बरं नव्हे. पुढच्या बायकांपुढे मी हळदीची वाटी धरली. कुंकू कुणी मागितलं नाही. नको, असंही कुणी म्हणालं नाही. निघताना मैत्रीण दारात म्हणाली, "नक्की काय आहे ते विचारून सांगशील ना?"

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन दुकानात गेले. मालकाने ती उजेडात धरली. धुपाचीच, म्हणाला. चहाच्या समारंभात वापरतात, मृतांच्या पूजेतही वापरतात. अशा डब्या इंग्लंडात आल्यावर पुष्कळ बायका त्यांत तोंडाला लावायची पावडर ठेवायच्या. हिच्यात काय ठेवत असतील ते सांगता येणार नाही. गावातली एक म्हातारी वारली, तिच्या घरच्या सामानात ही आली होती.

ही शेवटची गोष्ट मैत्रिणीला सांगावी की नाही, ते बसमध्ये ठरेना. दुकानातली निम्मी भांडी अशाच घरांतून आली असणार. तशी तर आमची जेवणाची खुर्चीही.

संध्याकाळी फोन केला. चहा, पूजा, पावडर, तिन्ही गोष्टी सांगितल्या. म्हातारीचंही सांगून टाकलं.

"मग यातलं खरं कुठलं?"

"माहीत नाही. त्यालाही माहीत नाही."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

"पावडरची होती म्हणायचं ना गं," ती म्हणाली. "मी कुठे तपासायला जाणार होते?"