चिमुकल्या अट्रॅक्टाच्या आत्म्यास शांती

सरकारने जनगणनेचे कागद शंभर वर्षं कुलपात ठेवले होते. हेतू चांगला होता. कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी लाजायला कुणी शिल्लक राहू नये, आणि मगच ते उघडावेत. क्लूनमोर गावच्या अट्रॅक्टा गिलमार्टिनला मात्र सरकारने हिशोबात धरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये कुलूप निघालं आणि सगळा आयर्लंड देश आपापले पणजोबा शोधायला बसला. अट्रॅक्टाचा भाचा फिंटन त्यात सर्वांत पुढे. हा निवृत्त बस ड्रायव्हर. नोकरीत असताना त्याची बस कधी वेळेवर आल्याचं कुणाला आठवत नाही, पण पूर्वजांना गाठायची त्याला भारी घाई. एका दुपारी तो आत्याच्या स्वयंपाकघरात शिरला तोच ओरडत.

"आत्या, एकोणीसशे सव्वीसच्या जनगणनेत आपलं घर सापडलं! आजोबा, आजी, माझे बाबा, सगळे. तू नाहीस."

"मी कशी असेन? जनगणना एप्रिलमधली, माझा जन्म सप्टेंबरचा," अट्रॅक्टा म्हणाली. हे वाक्य तिने आठवडाभर घोकून ठेवलं होतं, त्यामुळे ते जरा जास्तच चटकन आलं.

"तेच तर! तू नाहीस, पण अट्रॅक्टा आहे. वय तीन वर्षं, सात महिने."

अट्रॅक्टाला चहाचा ठसका लागला. शेगडीजवळ बसलेला तिचा नवरा थॅडी म्हणाला, "दुसरी कुठली अट्रॅक्टा?"

"मीही आधी चक्रावलो. मग डोक्यात प्रकाश पडला." फिंटनचा आवाज एकदम खाली आला. "तुला एक मोठी बहीण होती, आत्या. एप्रिलमध्ये ती जिवंत होती. सप्टेंबरात तू झालीस आणि तिचंच नाव तुला ठेवलं. म्हणजे मधल्या पाच महिन्यांत पोर गेली."

तिकडे तशी रीतच होती. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचं. चांगलं नाव वाया कशाला घालवायचं? थॅडीने टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली. दोघंही आता अट्रॅक्टाकडे बघत होते.

"बिचारी," अट्रॅक्टा म्हणाली.

खरं काय ते सांगून टाकतो. बहीण वगैरे कुणी नव्हती. ते तीन वर्षं सात महिन्यांचं पोर म्हणजे हीच बाई. येत्या सप्टेंबरात क्लूनमोर तिची शंभरी साजरी करणार होतं, आणि तिला पूर्ण होणार होती एकशे चार.

भानगड लग्नाच्या वेळची. थॅडी तिच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान, आणि त्याची आई म्हणजे खाष्टपणाचा अर्क. तिने मुलाला बजावलं होतं, "बायको लहानच आण. मोठी आणलीस तर जन्मभर तिची सेवा करत बसशील." अट्रॅक्टा तेव्हा फादरांच्या घरी कामाला होती. म्हाताऱ्या फादरांना दिसायचं कमी. लग्नाला लागणारा बाप्तिस्म्याचा दाखला हिनेच लिहिला, त्यांनी फक्त सही केली. चार वर्षं अशी एका ओळीत गेली.

एक थाप मारली की तिला सांभाळायला दहा लागतात. खऱ्या वयाने पेन्शन सुरू झाली तेव्हा पहिली चार वर्षं ती 'अंड्यांचे पैसे' म्हणून घरात यायची. थॅडीला वाटायचं, क्लूनमोरच्या कोंबड्यांसारख्या कोंबड्या जगात नाहीत. भावंडं एकेक करून गेली तेव्हा अट्रॅक्टा प्रत्येकासाठी मनापासून रडली, आणि प्रत्येक वेळी एक साक्षीदार कमी झाला म्हणून तिला थोडं हलकंही वाटलं. वाटलं ते वाटलं.

थापेचा फायदाही झाला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी थॅडी म्हणाला, "मी मोठा, तेव्हा घरात माझं चालणार." ती म्हणाली, "चालू दे. पण आमच्याकडे जो मोठा त्याने आधी उठून शेगडी पेटवायची आणि धाकट्याला अंथरुणात चहा द्यायचा." तेव्हापासून थॅडी रोज पहाटे उठून शेगडीत टर्फच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, विटा रचत आला होता.

तिला सलत होती एकच गोष्ट. त्या देशात शंभरी गाठून अर्ज केला की राष्ट्राध्यक्षांचं पत्र येतं. गेल्या वर्षी थॅडीला आलं. ते त्याने चौकटीत घालून भिंतीवर टांगलं आणि तेव्हापासून प्रत्येक वादात तो नुसतं तिकडे बोट दाखवायचा. अट्रॅक्टाने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. तिची स्वतःची शंभरी त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती. त्या दिवशी ती एक क्रीम बन घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेली आणि एकटीने तो खाल्ला. एक कोंबडी बघत होती, तिलाही तुकडा दिला.

फिंटन आता हातपाय पसरू लागला. मृत्यूच्या नोंदी चाळल्या, पोर सापडेना. शेजारच्या गावांची कबरस्तानं पालथी घातली, तिथेही नाही.

"आत्या, तुझ्या जन्माचा दाखला मागवू का?" त्याने एकदा विचारलं.

"मी समोर बसलेय ना! जन्मले की नाही याची शंका आहे का तुला?"

"तेही खरंच. शिवाय तुझ्या लग्नाची नोंद बघितली मी. वय सव्वीस. सगळं चोख जुळतंय. आजी कधी बोलायची का गं तिच्याबद्दल?"

"हट्टी होती म्हणे," अट्रॅक्टा म्हणाली. "पण दिसायला फार गोड."

मग गावाला कळलं. बायका सांत्वनाला आल्या, घरी भाजलेले रुबार्बचे गोड टार्ट घेऊन आल्या. थॅडीने तर रोजच्या जपमाळेत एक फेरी वाढवली, 'आपल्या चिमुकलीसाठी'. अट्रॅक्टा रोज संध्याकाळी गुडघे टेकून स्वतःच्या आत्म्याला शांती मागू लागली. कंबर धरायची, पण सांगते कुणाला! आता खरं बोलावं तर थॅडी काय म्हणेल? इतक्या वर्षांचा संसार खोट्या दाखल्यावर उभा होता. याच एका विचाराने तिची झोप उडायची.

जुलैत कबरींचा रविवार आला. त्या दिवशी सगळं गाव धुऊनपुसून ठेवलेल्या आपापल्या कबरींशी उभं राहतं आणि फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. फिंटन आत्याला हाताला धरून तिच्या आईवडिलांच्या कबरीपाशी घेऊन गेला. तिथे कशावर तरी फडकं घातलेलं होतं. ते त्याने ओढलं. खाली संगमरवराची नवी पाटी: 'त्यांची चिमुकली अट्रॅक्टा, १९२२ ते १९२६.'

"स्वखर्चाने," फिंटन डोळे पुसत म्हणाला.

अट्रॅक्टा पाटीकडे बघत राहिली. फादर लॅव्हेल आले, त्यांनी पाणी शिंपडलं. ते नेमकं तिच्या चष्म्यावर उडालं.

"हे निष्पाप बालक," फादर म्हणाले, "जगाच्या मोहात पडण्याआधीच देवाघरी गेलं. त्याच्या ओठांवर कधी एक असत्य आलं नाही."

"बास!" अट्रॅक्टाने काठी आपटली. "फादर, एवढं नका हो चढवू. मी इथे उभी आहे."

"तुम्हाला दुःख होणारच, बाई..."

"दुःख नाही, मी आहे ती! ते बालक मी आहे. मी मेलेच नाही. आणि माझ्या नावाची पाटी आत्ताच लावून बसलात, तर माझी खरी वेळ येईल तेव्हा काय लिहिणार? 'पुन्हा एकदा'?"

शेजारच्या शेतातली गायसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली. सर्वांत आधी फिंटन भानावर आला.

"सापडली!" तो आत्याला मिठी मारत ओरडला. "तरीच मृत्यूची नोंद मिळत नव्हती!"

थॅडी बोटांवर काहीतरी मोजत होता.

"म्हणजे ते पत्र..." तो म्हणाला.

"माझं तुझ्याआधी यायला हवं होतं."

"आणि ती अंडी?"

"पेन्शन."

"आणि शेगडी?"

यावर अट्रॅक्टाने मान खाली घातली. थॅडी टोपी डोक्यावर दाबून एकटाच फाटकाकडे चालू लागला. गाडीत तो पुढे फिंटनशेजारी जाऊन बसला. रात्री जपमाळेत चिमुकलीची फेरी तेवढी त्याने गाळली. सासू असती तर 'मी सांगत नव्हते!' म्हणून नाचली असती.

सकाळी अट्रॅक्टाला जाग आली तेव्हा घर गार होतं. शेगडीचा आवाज नव्हता. शेजारी थॅडी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडला होता.

"जो मोठा त्याने आधी उठायचं," तो म्हणाला. "रीत तुझीच."

तिने पाय खाली सोडले आणि चपला चाचपू लागली. एक सापडली, दुसरी सापडेना. गुडघा कुरकुरला. मागे पलंग करकरला.

"पड गुपचूप," थॅडी उठत म्हणाला. "शंभरी उलटून गेली, आणि चालली शेगडी पेटवायला! घराला आग लावशील."

टर्फच्या विटा खडखडल्या, केटली वाजली. नेहमीपेक्षा जरा उशिराने तो चहा घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"आई म्हणाली होती, मोठी बायको आणलीस तर जन्मभर तिची सेवा करावी लागेल."

"मग?" अट्रॅक्टाने कप दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"मग काय, केलीच की जन्मभर," थॅडी म्हणाला. "साखर बघ, बरोबर झालीय का."