व्याह्याच्या घरचं ताट

येसराच्या आमटीचा वास आला की मला व्याह्यांचं उमापूरचं घर आठवतं. लेकीच्या लग्नात मानपानावरून मी चिडलो अन् "तुमच्या घरी घास घेणार न्हाई" म्हणून बसलो. ते चार वर्षं पाळलं, शेवटी लेक रडली म्हणून जेवायला गेलो. पण त्याच्या आधी दोन महिने डॉक्टरनं भूक कमी करायचं इंजेक्शन अगदी थोड्या डोसानं सुरू केलं होतं. वजन हळूहळू उतरत होतं अन् अर्ध्या भाकरीतच पोट भरायचं. एकेकाळी पैज लावून जेवणारा मी, हे कुणाला सांगणार? ताटात येसराची आमटी, पुरणपोळी, वर तुपाची धार. चार घासांत पोट गच्च झालं. माझा हात थांबला तसे व्याही म्हणाले, "काय पाव्हणं, राग आजून गेला न्हाई वाटतं." लेक आमटीचं भांडं धरून दारात उभी, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. तसाच उठलो असतो तर तिचं माहेर तुटलं असतं. मग मी सदरा वर केला, कमरेचा ढिला पडलेला करदोडा दाखवला अन् इंजेक्शनाचं सांगून टाकलं. "सुईनं भूक मरती व्हय?" म्हणत त्यांनी करदोड्यात दोन बोटं घालून पाहिली. मग माझ्या ताटातली उष्टी पोळी उचलली अन् खाल्ली. तेव्हा कुठं लेकीनं भांडं खाली ठेवलं. आता करदोड्याला आणखी एक गाठ मारलीय. इंजेक्शनाचं मी गावात आजवर कुणाला सांगितलं न्हाई. व्याह्यांनीबी न्हाई.