गजूचा फोटो नेमका कोणाचा

हो, तो फोटो मीच काढला. दुसऱ्या कोणी नाई.

कोणी इचारलं नाई मले. तरी सांगून ठेवतो, सकाळपासून डोकं भणभणून राह्यलं.

गजू गेला परवा.
नेरच्या बसस्टँडमागं फोटो स्टुडिओ होता ना, तो गजू. अर्ध्या तालुक्याचे तोंडं त्यानंच काढले.

आता साऱ्या ग्रुपवर त्याचा एकच फोटो फिरून राह्यला. चष्मा कपाळावर, हसून राह्यला. चौकातल्या फ्लेक्सवरही तोच.

अन् खाली कोपऱ्यात दुसऱ्याच एका स्टुडिओचं नाव!

गजूची पोरगी रिंकू म्हणे, "मोठेबाबा, हा तं तुम्ही काढलता ना? मागच्या पोळ्याले?"
"हो."
"मंग कॉपीराइट तुमचा."

"माहा कसा? कॅमेरा तुह्या बापाचा. तोंड तुह्या बापाचं. मले उभंही त्यानंच केलं. म्हणे भाऊ, इथं दाबा फक्त."
"दाबलं कोणी?"
"मी."
"मंग तुमचा."

असं असते काय कुठं?

हाच वाद माहा अन् गजूचा झालता.

नेरच्या मार्केटात कापसाची गाडी लावलती मी. नंबर लागून नाई राह्यला, म्हून कापसावरच झोपलो. तोंड उघडं टाकून. गजूनं तसाच फोटो काढला अन् मोबाइलवर टाकला. लोकाईले लय आवडला.

मंग तो एका बियाणेवाल्या कंपनीच्या कॅलेंडरवर आला. मी आनंदानं भिंतीले लावलं.

गजू चहाले आला, अन् ते पाहून कप खालीच ठेवला.

"भाऊ, हे चोरी आहे."
"चोरी कायची? फोटो तुह्यापाशी आहे का नाई?"
"आहे."
"मंग तुहं गेलं काय?"
"नाव गेलं ना."
"तोंड माहं, कापूस माहा, झोपलो मी. मी बोललो का काही?"
"झोप तुमची, भाऊ. फोटो माहा."

मले वाटलं, कायले एवढा तमाशा.

पण त्यानं तमाशा केलाच नाई. आधी कॅलेंडरचा फोटो घेतला, कंपनीच्या नावासकट. मंग त्यांच्या साइटचे स्क्रीनशॉट.
म्हणे, "आधी पुरावा, मंग भांडण. पहिले फोन केला का पुसून टाकतात."

मंग कॅमेऱ्यातली असली फाइल काढली. तिच्या मागची अन् पुढचीही, लागोपाठ काढलेली. मागचीत माहं तोंड बंद, पुढचीत एक कुत्रं गाडीखालून पाहून राह्यलं.
"चोरापाशी एकच असते, भाऊ. माह्यापाशी मागची-पुढची हाये."

म्या इचारलं, "सरकारात नोंद केलती का?"
म्हणे, "काढला तेव्हाच आपला होते. नोंद असली तं कोर्टात बरं पडते, एवढंच."

सरळ मेल टाकला. माहा फोटो आहे, नाव टाका नाईतं काढा. उत्तर नाई. मंग यवतमाळच्या वकिलाची नोटीस गेली. तेव्हा कुठं त्याईचा माणूस आला.
"नेटवरून घेतला जी, आम्हाले काय माहीत?"
गजू म्हणे, "बाजारातून बैल सोडून नेसान अन् सांगसान, रस्त्यावर दिसला?"

साइटवर नाव आलं मंग. मुंगीएवढं. दोन बोटांनी मोठं करून दाखवाले आलता मले.
"एवढ्यासाठी?"
"एवढ्यासाठीच."

तवापासून तो मोबाइलवर फोटो लहानच पाठवे, अन् नाव मधोमध. कोपऱ्यातलं कापता येते म्हणे. एका नवरदेवाच्या पोटावर त्याचं नाव आलं, तं सासरा भांडाले आलता.

तं आज मी रिंकूले म्हटलं, आधी स्क्रीनशॉट घे. मंग त्या स्टुडिओवाल्याले फोन लावला.

"गजूच्या फोटोवरचा शिक्का काढ."
"काकाजी, तो आपोआपच लागते. अन् श्रद्धांजलीच तं आहे, त्यात कोणाचं काय गेलं?"


हे तं माहंच बोलणं होतं. जसंच्या तसं.

तेवढ्यात रिंकूनं कॅमेऱ्याच्या कार्डातून मागची-पुढची तिच्या मोबाइलवर काढली. मागचीत गजूचं अर्धं डोकं कापलेलं. तो माह्या हाताचा गुण.
पुढचीत त्याचे डोये मिटलेले.

पाहून मी तिचा मोबाइल उलटा ठेवला.

इकडं माह्या फोनवर तो स्टुडिओवाला पोट्टा इचारून राह्यला, "काकाजी, मंग नाव कोणाचं टाकू? तुमचं?"

माहं टाकलं तं खोटं नाई. गजूचं टाकलं तं खरं नाई. काढला मी, पण काढवला त्यानं. ज्याले इचारायचं, तो फोटोत हसून राह्यला.

म्हटलं, "गजूचं टाक."
"अहो, ते तं फोटोत आहेत. ते कसे काढतीन?"
"टाक म्हटलं ना. अन् कोपऱ्यात नको. मधात टाक."

दुपारी नवा आला. छातीवर, बरोबर मधोमध, गजूचं नाव. चौकातला फ्लेक्सही बदलतो म्हणे.

बरोबर केलं का चूक, मले अजून समजलं नाई. रिंकू म्हणते, तुमचा हक्क होता, तुम्ही देऊन टाकला. असंन.

जाय बापा गजू. कॅमेरा रिंकूपाशी आहे, कार्ड जपून ठेवलं तिनं.

आता कमेंटमध्ये कोणी काही इचारू नका. मी बोलणार नाई.