फोटोताईची मधली ओळ

दवाखान्याच्या तळघरातल्या कॉम्प्युटर खोलीत सगळे तिला फोटोताई म्हणत, कारण एक्स-रेचे फोटो सांभाळणं हे तिचं काम. आधी ती वर खिडकीत केसपेपर काढायची. तिला खाली आणलं, शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या कमांडची यादी, लिहायला शिकवलं, ते दादांनी. दादा म्हणजे त्या खोलीचे जुने कारभारी. माणूस बोलायला कंजूष आणि कौतुकाला महाकंजूष.

डॉलर आणि त्याला चिकटलेलं एखादं चिन्ह, असले खास व्हेरिएबल, म्हणजे माहिती धरून ठेवणाऱ्या खुणा, बघून ताईचं डोकं गरगरलं. दादांनी एकेक उलगडून सांगितलं. $# म्हणजे स्क्रिप्टच्या हातात किती गोष्टी दिल्या, $@ म्हणजे त्या सगळ्या गोष्टी, आणि $? म्हणजे आत्ताच संपलेली कमांड धड पार पडली का. शून्य आलं तर धड, दुसरं काही आलं तर घोळ. शून्य मिळाल्यावर खूश व्हायची ही एकच शाळा, असं ताई घरी सांगायची.

मग तिनं पहिली स्क्रिप्ट लिहिली. जुने फोटो मोठ्या डिस्कवर कॉपी करायचे आणि $? शून्य असेल तरच मूळ फोटो पुसायचे. दोन्हींच्या मधे हौसेनं एक echo घातला, 'कॉपी झाली' असं छापणारा. तिथंच माशी शिंकली. $? ला फक्त शेवटची कमांड आठवते, आणि echo बिचारा छापायला सहसा चुकत नाही.

एका दुपारी मोठी डिस्क भरली. कॉपी अर्ध्यात अडली, echo नं खुशाल 'कॉपी झाली' छापलं, $? शून्य झालं आणि मूळ फोटो गायब. वरून डॉक्टरांनी एका पेशंटचा जुना फोटो मागितला, तेव्हा ताईला तो कुठंच सापडेना. ते फोटो पुन्हा काढता येणारे नव्हते.

रडवेली होऊन ती दादांकडे गेली. त्यांनी एक फोल्डर उघडलं. सगळे फोटो तिथं होते. तिची पुसायची ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी बदलून फोटो बाजूला ठेवायची केली होती.

"चूक मलाही दिसली नव्हती," दादा म्हणाले. "पण पहिली स्क्रिप्ट म्हटल्यावर कुठंतरी असणारच."

तेव्हापासून ताई कॉपी संपताच $? दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवते, मग काय छापायचं ते छापते. दादा निवृत्त होताना म्हणाले, आता माझी ती ओळ काढून टाक, तुला गरज नाही. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "माझ्यानंतर या स्क्रिप्टला हात लावेल, त्याचीही ती पहिलीच असेल ना."